प्रभुदेवा आणि आमच्याकडची नाचणारी पोरं

मणिरत्नमचा 'मौन रागम' 1986 सालचा. त्यातल्या एका गाण्यात बासरी घेतलेला एक पोरगा थोडा वेळ दिसतो. दोन वर्षांनी 'अग्नि नक्षत्रम' आला, त्यातल्या एका गाण्यात हाच पोरगा नाचणाऱ्यांच्या घोळक्यात आहे. आता आपल्याला माहीत असतं म्हणून नजर त्याला हुडकून काढते. तेव्हा थेटरात बसलेल्या कुणालाही, हा कोण, असं विचारावंसं वाटलं नसणार. सिनेमातल्या गाण्यांत हिरो-हिरॉइनच्या मागं जी माणसं नाचत असतात, त्यांचे चेहरे आपण बघतच नाही. एकसारखे कपडे, एकसारखे हात, आणि कॅमेरा सरकला की सगळे एकदम नाहीसे. त्या माणसांना रोजावर पैसे मिळतात, दिवसभर उन्हात तेच चार ठेके पुन्हा पुन्हा नाचावे लागतात, आणि हिरोचं पाऊल चुकलं तरी पुन्हा नाचायचं असतं ते सगळ्यांनी.

प्रभुदेवा त्या रांगेतला. पुढं तो नृत्यदिग्दर्शक झाला, हिरो झाला, दिग्दर्शक झाला, 2019 साली त्याला पद्मश्री मिळाली. पण माझ्या मनात तो पहिल्यांदा रांगेतला आहे आणि मग बाकी सगळं. त्याचं नाचणं मला कळायला लागलं तेही या बाजूनं विचार केल्यावर.

त्याच्या घरात नाच हा धंदा होता. वडील मुगूर सुंदर दक्षिणेतल्या सिनेमांत डान्स मास्टर. एक भाऊ राजू सुंदरम, दुसरा नागेंद्र प्रसाद, दोघंही याच कामात. सुताराच्या पोराला रंधा कधी हातात घेतला ते आठवत नाही, तसं या भावांचं झालं असणार. जन्म म्हैसूरचा, 3 एप्रिल 1973 चा. वाढला मद्रासमध्ये. भरतनाट्यम रीतसर शिकला, धर्मराज आणि उडुपी लक्ष्मीनारायण या गुरूंकडं. आणि 1989 मध्ये, कमल हासनच्या 'वेट्री विळा'मध्ये, त्यानं स्वतंत्रपणे नाच बसवला. म्हणजे सोळाव्या वर्षी. सोळाव्या वर्षी आमच्याकडं पोरं दहावीच्या निकालाची वाट बघत असतात, आणि हा कमल हासनसारख्या, स्वतः नाचात मुरलेल्या माणसाच्या सिनेमातला नाच बसवत होता.

आता आमच्याकडचं सांगते, कारण त्याशिवाय मला हे सगळं का महत्त्वाचं वाटतं ते कळणार नाही.

सांगली जिल्ह्यात पुरुष नाचत नाहीत असं कुणी म्हणालं तर मी त्याला आरेवाडीला घेऊन जाईन. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बिरोबाच्या बनात ढोल घुमायला लागला की पांढरं धोतर, डोक्याला पटका आणि हातात रंगीत रुमाल अशी म्हातारीकोतारी माणसं गोलात उतरतात. धनगरांचं गजीनृत्य. सत्तरीतला माणूस एका पायावर गिरकी घेऊन खाली बसतो आणि ठेक्यावर पुन्हा उभा राहतो, ते बघताना आपलेच गुडघे दुखतात. गावोगाव लेझीम आहे. पालखीपुढं नाचणारे आहेत. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत रात्रभर स्वागत कमानींखालून नाचत जाणाऱ्या पोरांना थकवा म्हणून ठाऊक नसतो.

पण नीट बघितलं तर या सगळ्या नाचांत पुरुष एकटा नसतो. तो देवापुढं नाचतो, नाहीतर मंडळाबरोबर, गावाबरोबर, वरातीबरोबर. देवाच्या किंवा गर्दीच्या आडोशानं नाचलं तर त्यात कमीपणा नाही. एकट्या पुरुषानं सगळ्यांदेखत, केवळ नाचता येतं म्हणून नाचायचं, तर त्यासाठी आमच्याकडं एकच शब्द होता: नाच्या. तमाशातला नाच्या. हा तमाशाचा मुलूख. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळूंची जोडी सांगलीजवळच्या कवलापूरची. इथल्या माणसांनी तमाशावर जीव टाकला, आणि त्याच तोंडानं घरातल्या पोराला नाचताना बघून 'नाच्या हाईस काय रं?' असंही विचारलं. दोन्ही खरं आहे. ज्या नाच्यावर गाव हसत आणि शिट्ट्या मारत रात्र काढायचं, त्याच्या घरी सोयरीक करायला मात्र कुणी जात नव्हतं.

1994 साली शंकरचा 'कादलन' आला. मग तो हिंदीत 'हमसे है मुकाबला' म्हणून आला, आणि आमच्या गल्लीतला माझा मामेभाऊ कामातून गेला.

तो तेव्हा अकरावीत होता. काटकुळा, सावळा, केस कुरळे. घरातले त्याला 'काडी' म्हणायचे. मामा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला, तरुणपणी तालमीतला गडी. पोरानं अंगानं भरावं म्हणून त्यांनी बदाम, थंडाई, जोर-बैठका असं सगळं करून बघितलं होतं. हिंदी सिनेमात तेव्हा जे हिरो होते ते एकतर गोरे-गोमटे नाहीतर दंडाचे. भावाला त्यांच्यात स्वतःला कुठं शोधायचं हे कळायचं नाही. आणि अचानक पडद्यावर त्याच्यासारखाच एक जण आला. तोही काटकुळा आणि सावळा, दाढीचे खुंट वाढलेला, ढगळ पँट घातलेला. आणि तो हिरो होता. हिरोचा मित्र नाही, विनोदी नोकर नाही. सगळं थेटर त्याच्याकडं बघत होतं आणि बघण्याचं कारण एकच होतं, त्याचं नाचणं.

'मुकाबला'चं गाणं ज्यांनी नव्वदच्या दशकात बघितलं त्यांना त्याचा शेवट सांगायला नको. काउबॉय सिनेमातल्यासारखं गाव, त्यात तो नाचतो आहे, आणि एका क्षणी त्याचं अंग नाहीसं होतं. टोपी, हातमोजे, कपडे, बूट एवढंच उरतं आणि ते नाचत राहतात. स्पेशल इफेक्ट्ससाठी त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ती युक्ती चालली कशामुळं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अंग काढून टाकल्यावरही नाच ओळखू येतो, म्हणजे तो नाच किती रेखीव असला पाहिजे! दुसऱ्या कुणाचे रिकामे कपडे असे हलवले असते तर कपडेच हलताना दिसले असते. इथं माणूस दिसतो. टोपी कुठल्या कोनात वळते, मनगट कुठं थांबतं, यावरून आपण त्याला ओळखतो.

भावानं हे गाणं कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बसवायला घेतलं. गल्लीत एकाकडं व्हीसीआर होता. दुपारी त्यांच्याकडची माणसं झोपली की आवाज बंद करून हा कॅसेट लावायचा. थोडं बघायचं, थांबवायचं, अंगणात येऊन करायचं, पुन्हा आत, पुन्हा मागं. मी सातवीत होते, माझं काम बटण दाबायचं. त्याला हवा असायचा तो एवढासा तुकडा: खांदा पुढं येतो, मान उलटीकडं जाते, आणि कमरेखालचं सगळं जागच्या जागी. तो एक तुकडा इतक्या वेळा मागं-पुढं केला की नेमक्या त्या जागी टेपची पट्टी घासली, आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा यायला लागल्या. ज्यांची कॅसेट होती त्या काकूंना ते गाणं पुढं कायम त्या रेघांसकटच बघावं लागलं.

त्या दुपारींनी मला एक गोष्ट शिकवली. लांबून बघताना वाटतं, या माणसाच्या अंगात हाडं नाहीत, रबर आहे. पॉज करून बघितलं की कळतं, तो क्षणाक्षणाला थांबतो आहे. प्रत्येक हालचाल कुठंतरी पोचते, तिथं नीट टेकते, मग पुढची सुरू होते. वेग दिसतो तो या थांब्यांमुळं. भरतनाट्यमचं शिक्षण मिळालेल्या एका मैत्रिणीनं पुढं मला सांगितलं की त्यात अडवू, म्हणजे नाचाची मूळ पावलं, आधी विलंबित करून घेतात, मग त्याच्या दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट. या प्रत्येक लयीला काळ म्हणतात. पहिल्या काळात हात जिथं पोचतो तिथंच तो तिसऱ्या काळातही पोचला पाहिजे, घाईत अर्धवट सोडून चालत नाही. तिनं हे सांगितलं तेव्हा मला अंगणातला भाऊ आठवला. त्याला गुरू नव्हता, पण पॉजच्या बटणानं तोही पहिल्या काळातच शिकत होता.

आणि गुडघे. पाय बाहेरच्या बाजूला उघडून अर्धवट बसायचं, ज्याला भरतनाट्यमवाले अरमंडी म्हणतात, ती बैठक प्रभुदेवाच्या ढगळ पँटमध्येही असते. वर मायकल जॅक्सनचं वारं असेल, कमरेत कुत्तू, म्हणजे मद्रासच्या रस्त्यावरचा नाच असेल, पण खाली ती बैठक आहे. म्हणून तो कितीही वेडावाकडा झाला तरी तोल जाईल असं वाटत नाही.

कुत्तूचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण मला वाटतं आमच्या भागातल्या पोरांच्या अंगात तो नाच इतक्या लवकर शिरला त्याचं कारण तिथं आहे. कुत्तूच्या मागं पराई वाजते. पराई म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं चामडं, दोन काठ्यांनी वाजवायचं, एक लांब आणि बारीक, दुसरी आखूड. आमची हलगी बघा. तेच कडं, तेच चामडं, त्याच दोन काठ्या, आणि तापवून सूर चढवायची तीच रीत. दोन्हीकडं ती वाजवणाऱ्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं आणि लग्नाला, मयताला, जत्रेला त्यांच्यावाचून गावाचं पानही हललं नाही. रहमाननं हे ठेके कीबोर्डवर आणि ड्रम मशीनवर आणले तरी मूळ नाद लपत नाही. कवठ्याच्या, जतच्या, तासगावच्या पोराला तमिळ शब्द कळायची गरज नव्हती. ठेका घरचाच होता.

गॅदरिंगला मामा येणार नव्हते. ऐन वेळी आले आणि मागं भिंतीला टेकून उभे राहिले. भाऊ एकटा नाचला. एकटा, हे मुद्दाम सांगते. पोरांनी सुरुवातीला हुर्यो उडवली, मग गप्प झाली, मग शेवटी बाकं वाजवली. घरी आल्यावर मामींनी काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढं केला. शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. मामांनी त्या शर्टाकडं बघितलं आणि म्हणाले, 'तालमीतल्यापरीस जादा घाम हाय की ह्यात.' 

बाकी काही नाही. कौतुकही नाही. पण नाच्या हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. मामांना नाच कळला नव्हता, मेहनत कळली होती, आणि कष्टाचं खाणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. मला वाटतं प्रभुदेवानं आमच्या भागातल्या पोरांसाठी जे केलं ते एवढंच आणि एवढं मोठं आहे. त्याचं नाचणं बघून कुणाला तो बायकी वाटला नाही की छचोर वाटला नाही. तो काम करताना दिसला. मागच्या रांगेतून आलेला, बापाच्या धंद्यात वाढलेला माणूस नाचतो तेव्हा त्यात आधी कारागिरी दिसते. मिरजेत सतारीचा भोपळा तासणाऱ्या माणसाच्या हाताकडं बघताना जो आदर वाटतो तो इथं पायांकडं बघून वाटला.

याआधी आपल्याकडं भगवानदादा होते, हे मी विसरत नाही. 1951 चा 'अलबेला'. नट, दिग्दर्शक, नाचणारा, सगळं एकाच माणसात, आणि अंगानं हिरोसारखा मुळीच नाही. आजही वरातीत बँडवाल्यांनी 'शोला जो भडके' धरलं की साठीचे काका दोन्ही हात वर करून जे डुलतात ते भगवानदादांचंच देणं. पण त्या नाचाची गंमत अशी की तो कुणालाही येतो. संकोच घालवायला तो नाच मोठा. प्रभुदेवाचा नाच कुणालाही येत नाही. तो यावा म्हणून दुपारच्या दुपारी घालवाव्या लागतात. दोघांचं ऋण वेगळं आहे आणि मला दोन्ही मान्य आहेत.

दक्षिणेकडून असं काही येणं सांगलीला नवीन नाही. 1842 मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी इथं आली, नाच-गाण्यासह पुराणातली आख्यानं करणारी. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी ते बघितलं आणि आपल्या भाषेत असं काही कर म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितलं. 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' झालं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून धरतो. दर 5 नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात कार्यक्रम होतो तेव्हा भाषणांत भाव्यांचं नाव असतं, चिंतामणरावांचं असतं. त्या भागवत मंडळींत नाचणारे कोण होते, त्यांची नावं कुणी घेत नाही. आपल्याकडं नाचणाऱ्याच्या नावाचं हे असं पहिल्यापासून आहे.

1997 च्या 'मिन्सारा कनवु'नं मला दुसरा प्रभुदेवा दाखवला. हिंदीत तो 'सपने' म्हणून आला. राजीव मेननचा सिनेमा, काजोलला नन व्हायचं असतं आणि प्रभुदेवा केस कापणारा. त्यातलं 'वेण्णिलवे', आपल्याकडं 'चंदा रे', रात्रीचं गाणं आहे. तोवर मला वाटायचं वेग हीच त्याची ताकद. या गाण्यात तो वेग ठेवूनच देतो बाजूला. काजोल काही नर्तकी नाही. तो तिच्याभोवती, तिच्या चालीला सांभाळत नाचतो, तिला अवघड जाईल असं काही तिच्याकडून मागत नाही आणि तरी दोघं मिळून नाचताहेत असंच वाटतं. या सिनेमासाठी त्याला नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या उलट 'पुकार'मधलं माधुरीबरोबरचं 'के सेरा सेरा'. तिथं समोर तोलामोलाची बाई आहे, त्यामुळं सांभाळून घेणं नाही, सरळ जुगलबंदी. ते मी अजूनही थकून घरी आले की लावते.

नृत्यदिग्दर्शकाचं काम खरं तर हे दुसऱ्याच्या अंगाचं ओळखणं असतं. स्वतःला जे येतं ते स्वतः करून दाखवणं त्यामानानं सोपं. दुसऱ्याचे हात लांब आहेत की आखूड, तो लाजरा आहे की धीट, त्याचं पात्र या क्षणी काय विचार करतं आहे, हे बघून पाऊल शोधायचं आणि मग ते त्याचंच आहे असं वाटू द्यायचं. 2004 च्या 'लक्ष्य'मधलं 'मैं ऐसा क्यूँ हूँ' मला त्याच्या कामातलं सगळ्यात उंच वाटतं, आणि त्यात तो स्वतः नाचतच नाही. हृतिक नाचतो. आयुष्यात काय करायचं हे न उमगलेला मुलगा. हृतिकसारखा नाचणारा हाताशी असताना कुणीही त्याला लखलखीत काहीतरी दिलं असतं. इथं हात-पाय जणू एकमेकांना विचारल्याशिवाय निघतात, भलतीकडं जातात, ढिले पडतात, आणि मग एकदम ताळ्यावर येतात. त्या मुलाचं अख्खं पात्र त्या हालचालींत आहे. दुसरा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला, आणि तो योग्यच होता.

दिग्दर्शक प्रभुदेवाबद्दल मी थोडक्यात लिहीन, कारण तिथं मी त्याच्याबरोबर जाऊ शकले नाही. 2005 ला तेलुगूत 'नुव्वोस्तानंटे नेनोद्दंटाना' केला, तो पहिला, आणि गोड. पुढं 'पोकिरी'चा तमिळ रिमेक, त्यावरून 2009 चा हिंदी 'वाँटेड', मग 'राउडी राठोड' वगैरे. 'वाँटेड'नं सलमान खानची गाडी पुन्हा रुळावर आणली, धंदा तुफान झाला. थेटरात शिट्ट्या पडल्या त्या मी ऐकल्या आहेत. पण या सिनेमांत बाईमाणसाला ज्या तऱ्हेनं वागवलंय ते मला बघवत नाही. आणि ज्या माणसानं गाण्यात दुसऱ्याच्या अंगाचा इतका बारीक विचार केला, त्याच्या मारामाऱ्यांत माणसं नुसती हवेत उडतात, त्यांना वजनच नसतं. गाणी आली की मात्र हात लगेच ओळखू येतो.

2013 ला रेमो डिसूझाच्या 'एबीसीडी'त तो विष्णू सर झाला, मुंबईतल्या पोरांना नाच शिकवणारा. आमच्याकडं या सिनेमाचा परिणाम सरळ दिसला. सांगली-मिरजेत दुकानांवरच्या माळ्यांत, मंगल कार्यालयांच्या हॉलमध्ये डान्स क्लास निघाले, भिंतीला मोठा आरसा आणि कोपऱ्यात स्पीकर. माझ्या भावानंही काही वर्षं नोकरी सांभाळून संध्याकाळी असा क्लास चालवला. आई-बापच मुलांना घेऊन यायचे, फी विचारायचे. ज्या गावात नाच हा शब्द शिवीसारखा निघायचा तिथं बाप गाडीवरून पोराला नाचाच्या क्लासला सोडतो आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

पोराला म्हटलं. पोरीचं अजून तसं नाही, आणि हे लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. लहान मुली क्लासला येतात, सातवी-आठवीला एकेक करून गळतात. 'आता मोठी झाली.' पुरुषाला या नाचानं जी मोकळीक दिली ती बाईपर्यंत पोचायला वेळ लागतो आहे. मी स्वतः ते बटण दाबायच्या कामापलीकडं कधी गेले नाही, मला कुणी विचारलंही नाही, तुला येतं का. म्हणून 'मारी 2'मधलं 'राउडी बेबी' आलं तेव्हा मला इतका आनंद झाला. नाच प्रभुदेवानं बसवलेला, नाचणारे धनुष आणि साई पल्लवी. यूट्यूबवर 100 कोटींच्या वर वेळा बघितलं गेलेलं हे गाणं. त्यात साई पल्लवी धनुषच्या बरोबरीनं रस्त्यावरचा कुत्तू नाचते, तेच गुडघे, तीच बैठक, तीच मस्ती. तिला वेगळी, नाजूक, बायकी पावलं दिलेली नाहीत. दोघांना एकच नाच. मी शिकवते त्या शाळेतल्या नववीच्या मुलींनी गेल्या गॅदरिंगला ते गाणं मागितलं, काही शिक्षकांनी नाकं मुरडली, मुली हटल्या नाहीत. एकीच्या आजीनं विट्याहून येऊन पहिल्या रांगेत बसून बघितलं.

या मुलांना जुनं 'मुकाबला' माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं ते 2020 च्या 'स्ट्रीट डान्सर'मधलं, नव्यानं केलेलं. त्यातही तो आहेच, सेहेचाळिशीत. मी त्यांना वर्गात मोबाइलवर 1994 चं दाखवलं. थोडा वेळ शांतता, मग एक मुलगा म्हणाला, 'बाई, ह्यो तर तेव्हाबी तेवढाच फास्ट हुता.' मग त्यांनी मला नाव-गाव-पुरस्कार न विचारता एकदम कामाचा प्रश्न विचारला: सर, म्हणजे प्रभुदेवा, स्टेप कशी सुचते त्याला, आधी गाणं ऐकतो का आधी नाचतो? मी भावाला फोन लावून दिला. ते बराच वेळ बोलत बसले आणि माझा तास गेला.

1988 च्या 'तेजाब'मधल्या 'एक दो तीन'साठी सरोज खानना फिल्मफेअरनं नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार दिला, तेव्हा तो पुरस्कारच नवा होता. तोवर नाच बसवणाऱ्याला बक्षीस द्यावं असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याच वर्षी प्रभुदेवा 'अग्नि नक्षत्रम'च्या घोळक्यात नाचत होता. गॅदरिंगचं निवेदन मराठीची शिक्षिका म्हणून माझ्याकडं असतं. गायक, गीतकार, संगीतकार अशी नावं घ्यायची आमची पद्धत. यंदा मी प्रत्येक नाचापुढं नृत्यदिग्दर्शकाचंही नाव लिहिलं आहे. मुख्याध्यापक म्हणाले, 'बाई, कार्यक्रम लांबतोय, एवढी नावं कशाला?' मी त्यांना तिथंच एक नाव वाचून दाखवलं. लांबत नाही. त्याखाली दुसरी ओळही आहे, शाळेत तो नाच ज्यानं किंवा जिनं बसवला त्याच्या नावाची, इयत्ता आणि तुकडीसह. ती ओळ लिहिताना कळलं की आठवी 'क'चा सगळा नाच मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या एका मुलीनं बसवला आहे. तिला मी पुढं उभं राहायला सांगितलं. ती म्हणाली, मागूनच सगळे दिसतात, चुकलं तर कळतं. मग ती मागंच राहिली, आणि तिचं नाव पहिलं आलं.